पीएच.डी.चे कोर्सवर्क चारीवर न्या

महोदय,

पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखती आटोपल्या की नव्या विद्यार्थ्यांचे कोर्सवर्क, म्हणजे प्रबंधाआधीचा सक्तीचा अभ्यासक्रम, सुरू होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार ते किमान १२ क्रेडिटचे असते आणि त्यात संशोधन पद्धती शिकवावीच लागते. नियम चांगला आहे. माझी तक्रार शिकवण्याच्या रीतीबद्दल आहे. शनिवार-रविवारची व्याख्याने, नमुना निवडीचे प्रकार, गृहीतकांचे प्रकार, शेवटी लेखी पेपर, की झाला विद्यार्थी संशोधनाला मोकळा!

मी नाशिक जिल्ह्यात अर्थशास्त्र शिकवते. गावच्या कर्ज सोसायट्या, कालव्याचे पाणी आपसांत वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था, बाजार समित्या यांवर प्रबंध करू पाहणारी मुले माझ्याकडे येतात. बहुतेकांचा आराखडा ठरलेला: तीनशे शेतकरी, 'संस्थेच्या कारभाराबद्दल आपण समाधानी आहात का?' असे पाच पर्यायी प्रश्न, मग एसपीएसएस हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर आणि काय-स्क्वेअर ही आकड्यांची चाचणी. संस्था म्हणजे खेळाचे नियम, हे अर्थशास्त्रज्ञ डग्लस नॉर्थ यांचे म्हणणे पहिल्या प्रकरणात असते. पुढे मात्र एकही नियम भेटत नाही. पाण्याची पाळी कोण लावतो, चारीचे (शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्याचे) दार कोण उघडतो, रात्री चारी फोडली तर दंड होतो का, आणि झालाच तर वसूल करायला कोण जातो?

माझ्या एका विद्यार्थिनीला मी प्रश्नावली बाजूला ठेवायला सांगून एका पाणी वापर संस्थेचे प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांचे इतिवृत्त, वाचायला बसवले. ठराव सगळे 'सर्वानुमते मंजूर'. दुपारपर्यंत तिच्या लक्षात आले की ठराव कुठलाही असो, सूचक आणि अनुमोदक तेच दोघे. ती दोघांच्या शेतावर गेली. दोन्ही शेते चारीच्या तोंडाशी! पाळीपत्रकात, म्हणजे पाण्याच्या पाळ्यांच्या तक्त्यात, पाणी शेवटच्या टोकाकडून सुरू होते; टोकाचे शेतकरी तिला सांगत होते की मार्चनंतर आमच्याकडे ओलही पोहोचत नाही. तिचा संशोधनाचा प्रश्न तिथे, बांधावर जन्मला. 'समाधानी आहात का' विचारले असते, तर याच शेतकऱ्यांनी सचिवासमोर 'हो' म्हटले असते.

एलिनॉर ऑस्ट्रम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचा १९६५ चा प्रबंधही पाण्यावरच होता. दक्षिण कॅलिफोर्नियात भूजलात समुद्राचे खारे पाणी शिरू लागल्यावर पंपधारकांनी आपसांत उपशावर मर्यादा कशी घातली, याचा तो अभ्यास. पुढे १९७३ मध्ये पती व्हिन्सेंट यांच्यासह त्यांनी अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठात, कार्यशाळा उभारली आणि पीएच.डी.च्या मुलांना सोबत कामाला घेऊनच संशोधन शिकवले. आपल्याकडे तरी ही परंपरा कुठे नवी आहे? वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी करणारे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतही होते. ओझर-वाघाडच्या पाणी वापर संस्था तर आमच्या दारात, नाशिक जिल्ह्यातच आहेत.

म्हणून सुचवते: १२ पैकी चार क्रेडिट एकाच संस्थेत बसून काम करण्याला द्यावेत. विद्यार्थ्याने तिचे उपविधी वाचावेत, सभेला बसावे, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याबरोबर एक आवर्तन (कालव्याला पाणी सुटण्याची एक फेरी) चारीवर काढावे. लेखी पेपराऐवजी त्याची रोजची नोंदवही तपासावी, आणि ती मराठीत असली तरी पूर्ण गुण मिळावेत. मार्गदर्शकाने एकदा तरी सोबत जावे. त्याचा प्रवासखर्च विद्यापीठाने द्यावा. संख्याशास्त्र शिकवूच नये असे मी म्हणत नाही, पण काय मोजायचे हे कळल्यावर ते शिकवले तर मुले जीव लावून शिकतात.

संस्थांचे पदाधिकारी दप्तर दाखवायला कुरकुर करतील, असे सहकारी म्हणतात. आधी पत्र देऊन, वेळ ठरवून गेले तर बहुतेक ठिकाणी कपाट उघडले जाते, हा माझा अनुभव आहे. अभ्यास मंडळांनी नवी तुकडी बसण्याआधीच्या बैठकीत हा विषय घ्यावा.

— अर्थशास्त्राच्या एक प्राध्यापिका, नाशिक