दादा घरी येण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पुढच्या आठवड्यात दादा येतोय आणि चांगले दोन महिने राहणार आहे. बाबा, 'डॉक्टरांनीच दिलेल्या गोळीचं व्यसन कसं लागेल?' असं तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर फोनवर मला धड देता आलं नाही. म्हणून हे पत्र, त्याला विचारूनच लिहिलेलं.

गोळी मिथाइलफेनिडेटची आहे. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराचं, त्याचं निदान खरं होतं आणि गोळीचा उपयोगही झाला. मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन पेशींत परत शोषलं जाण्याचं काम ती रोखते, त्यामुळे लक्ष टिकतं. नेमून दिलेल्या मात्रेत, तपासण्या करत घेणाऱ्यांचं पुष्कळ भलं होतं, तेव्हा कुणाच्या मुलाला ती चालू असेल तर कृपा करून त्यांना घाबरवू नका. पण संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या करारात हे औषध ॲम्फेटामिन या व्यसन लावणाऱ्या उत्तेजकाच्याच यादीत आहे, ते उगाच नाही. दादा रात्री जागून काम उरकायला एक गोळी जास्त घेऊ लागला. मेंदू वाढत्या डोपामिनला सरावतो, मग तेवढ्याने भागत नाही. पुढे गोळीशिवाय त्याला अंथरुणातून उठवेना, आणि शेवटी पहिल्या डॉक्टरांपासून लपवून तो दुसऱ्यांकडून चिठ्ठी आणू लागला. शरीराला सवय नीट औषध घेणाऱ्यालाही लागू शकते. ही लपवाछपवी मात्र व्यसनाची, असं माझं मत.

आता डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवताहेत. शेवटची गोळी तुमच्याकडे असतानाच बंद होईल. डबा आईने स्वतःजवळ ठेवायचा आणि रोजची तेवढीच द्यायची, हे दादानेच सुचवलंय. 'कशाला हवं ते विष' म्हणून आधीच बंद करू नका. आणि बाबा, तरतरी येते का बघू म्हणून तुम्ही एखादी तोंडात टाकाल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे! हिने रक्तदाब आणि नाडीचे ठोके वाढतात, तुम्हाला तर मुळीच नको.

गोळी सुटताना तो खूप झोपेल. दुपारपर्यंत झोपेल, उठून भरपूर खाईल आणि पुन्हा आडवा होईल. काही रात्री उलट झोपच येणार नाही, आली तर भयंकर स्वप्नं पडतील. चिडेल, हालचाली मंदावतील, आवडीच्या गोष्टींतही त्याला राम वाटणार नाही. आई, तुला तो आळस वाटेल, पण तो आळस नाही. बाहेरून मिळणारी चालना थांबली की मेंदूला पूर्वपदावर यायला वेळ लागतो. पहिले काही दिवस सर्वांत जड जातात, मरगळ कित्येक आठवडे रेंगाळू शकते. दारू एकदम सोडल्यावर जसे झटके येऊ शकतात, तसं यात सहसा होत नाही. पण ही मरगळ घालवणारं खास औषधही नाही. झोप, जेवण, थोडं चालणं आणि समुपदेशन, एवढ्यावरच भिस्त.

खरी भीती उदासीची आहे. 'जगून काय करायचं' अशा अर्थाचं काही बोलला, किंवा अचानक गप्प गप्प राहू लागला, तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तसलं काही डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. हो म्हणाला तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांना गाठा, मग मला कळवा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

मध्येच कधी त्याने चोरून गोळी घेतल्याचं कळलं, तर आरडाओरडा करू नका, डॉक्टरांना सांगा. असं होऊ शकतं, त्यांनी आधीच बजावलंय. छातीत दुखू लागलं, खूप धडधडलं किंवा भलतेसलते भास व्हायला लागले, तर थेट रुग्णालयात न्या.

पहिली तपासणी तो आल्यावर दोनच दिवसांनी आहे. बाबा, तुम्ही सोबत जा, पण आत त्याला एकट्यालाच जाऊ द्या. तुमच्यासमोर तो निम्मं सांगणार नाही.

तुमची,
धाकटी