पाटकऱ्याची नात

मस्कत, शुक्रवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर माझं अर्धंच सांगून झालं आणि बाबा गप्प झाले, म्हणून लिहायला बसले. नोकरी सोडून इथंच पाण्याचा धंदा सुरू करतेय हे खरं आहे. रागाच्या भरात नाही, आणि कुणी काढूनही टाकलेलं नाही.

आई, तू म्हणालीस, "वाळवंटात पाण्याचा धंदा? पाणीच नाही तर विकणार काय?" अगं, नाही म्हणूनच तर! इथं वर्षाचा पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटर. नळाला येतं ते बहुतेक समुद्राचं गोडं केलेलं पाणी. ते साठ-पासष्ट बारच्या दाबानं मीठ अडवणाऱ्या बारीक पडद्यातून ढकलायचं, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या तीसेकपट दाब. शंभर लिटर घातलं की चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडं मिळतं. २००७ साली गोनू चक्रीवादळात हे प्रकल्प बंद पडले, तेव्हा मस्कतचे नळ काही दिवस कोरडे होते. पण असे प्रकल्प बांधणं हे बड्या कंपन्यांचं काम, त्यात आपल्यासारख्याला शिरकाव नाही.

माझा डोळा बातिनावर आहे. मस्कतच्या वायव्येची ही किनारपट्टी, खजुराच्या बागांची. विहिरींवर पंप बसले, उपसा वाढला, भूजल खाली गेलं आणि त्या जागी समुद्र आत सरकला. गेल्या महिन्यात बरका भागात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला विहिरीचं पाणी चाखायला लावलं. भाजीत दोनदा मीठ पडावं तसं. खजुराच्या झावळ्या टोकाकडून करपलेल्या, आळ्यात पांढरं फटक मीठ. कोपऱ्यात पाणी गोडं करायचं छोटं यंत्र होतं, दोन वर्षांपासून बंद. विकणारा पुन्हा फिरकलाच नव्हता. मी त्याचा पडदा काढून चिरला तर आत तपकिरी बुळबुळीत थर आणि त्यावर क्षार, आपल्या बंबाच्या तळाशी धरतो तसा. वेळेवर नीट धुतला असता तर वाचला असता.

तर धंदा तिथं आहे. यंत्र कुणीही विकतं. मला ते चालतं ठेवायचंय: पडदे धुणं, गाळण्या बदलणं, दर महिन्याला पाणी तपासणं. आणि यंत्रातून उरतं त्या जास्त खारट पाण्याची सोय लावणं. लोक ते खड्ड्यात सोडतात, ते मुरून परत विहिरीत येतं. आपलंच मीठ आपणच पुन्हा उपसायचं! यावर माझ्याकडे अजून पक्का उपाय नाही. बाष्पीभवनाच्या टाक्यांना जागा फार लागते, नुसतं अस्तरच महागात जातं.

बाबा, स्थानिक भागीदार लबाड निघाला तर, ही तुमची काळजी. २०२० पासून इथं बऱ्याच धंद्यांत परदेशी माणसाला पूर्ण मालकी ठेवता येते. दीड वर्षाचा खर्च भागेल एवढी पुंजी बाजूला ठेवली आहे. घर गहाण टाकायचं नाही, हे मीच सांगते.

निझवाला गेले होते तेव्हा तुमची फार आठवण आली. तिथं फलज दारिस नावाचा जुना पाट आहे. जमिनीखालचं पाणी नुसत्या उतारानं गावात येतं, पंप नाही. पाण्याच्या पाळ्या पूर्वी दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजत. पाणी वाटणाऱ्याला अरीफ म्हणतात. मी म्हटलं, हा तर आपला पाटकरी! आजोबा पांझरा नदीच्या फडावर, गावाच्या सामाईक पाटपाण्यावर, हेच करायचे.

त्यावरून एक विचारायचंय. शेतकऱ्यांकडून पैसे कसे घ्यावेत, हे मला सुटत नाहीये. फेरीमागे घेतले तर यंत्र बंद पडेपर्यंत बोलावणार नाहीत. आजोबांना खळ्यावर धान्य मिळायचं ते एकराप्रमाणे की पाळीप्रमाणे? आणि ज्याचं पीक बुडालं तो काय द्यायचा? बाबा, आठवून कळवा. फोनवर नको, लिहूनच पाठवा.

आई, गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
ताई