झाकणाखालची कडी

महोदय,

परवा औषधाची नवी बाटली उघडताना नेहमीचा ‘कडकड’ आवाज आलाच नाही. झाकणाखालची कडी मानेवर राहायची, ती अखंडच वर आली. बाटली आधी उघडली होती की झाकणच सदोष होतं, हे कळायला मार्ग नव्हता. मी ते औषध वापरलं नाही.

ही कडी बारीक दुव्यांनी झाकणाला जोडलेली असते. तिच्या आतले दाते बाटलीच्या मानेवरच्या उंचवट्याखाली अडकतात, म्हणून फिरवताना दुवे तुटतात. दुवे जाड केले तर कडी ताणून उंचवट्यावरून निसटते. फार नाजूक केले तर कारखान्यात झाकण बसवतानाच तुटतात. शिवाय संधिवाताच्या हातांनाही ते उघडता आलं पाहिजे. काम अवघड आहे, मान्य. पण १९८२ साली शिकागोत वेदनाशामक कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळून सात जणांचा जीव गेला, त्यानंतरच अमेरिकेत, आधी कुणी उघडलं असल्यास ते दिसेल अशा वेष्टनांची सक्ती झाली.

उत्पादकांनी कडीचा रंग झाकणापेक्षा वेगळा ठेवावा आणि ‘कडी तुटलेली असल्यास वापरू नये’ हे लेबलवर ठळक छापावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक