काका, तुमच्या त्या विरजणाबद्दल

प्रिय काका,
स. न. वि. वि.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही लगेच “त्यात काय एवढं, ताई” म्हणता आणि विषय माशांच्या खाण्याकडे वळवता. दोनदा असं झालं. म्हणून आज लिहायलाच बसले. हे पत्र चार लोकांनी वाचावं असंही मला वाटतं. माझ्यासारखीच किती घरं माशांच्या काचेच्या टाकीसाठी दुकानातून फिल्टरचं सामान पिशव्या भरून आणत असतील आणि तरी त्यांचे मासे मरत असतील.

एप्रिलमधला तो रविवार मला विसरता येत नाही. पार्किंगमधल्या कॉर्पोरेशनच्या नळाखाली मी फिल्टरचा स्पंज कपड्यांच्या ब्रशने घासत बसले होते. त्यातून चहासारखं पाणी निघत होतं आणि ते स्वच्छ होईपर्यंत मी सोडणार नव्हते. शेजारच्या पातेल्यात फिल्टरमधल्याच सिरॅमिकच्या रिंगा होत्या, घरून उकळून आणलेल्या. आदल्या रात्री आमचा चौथा मासा गेला होता. तेवढ्यात तळमजल्याच्या गॅलरीतून तुमची हाक आली, “अहो ताई, थांबा! धुवून टाकू नका ते सगळं!”

खरं सांगते, मला रागच आला. रात्रभर झोप नव्हती, त्यात एक अनोळखी माणूस सांगतोय की स्वच्छता करू नका. पण तुम्ही तसेच स्लिपर घालून बाहेर आलात, माझ्या हातातला स्पंज घेतलात, नाकाशी धरलात आणि विचारलंत, “कोणता गेला?”

त्याआधी मी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्या सगळ्यांनी “किती गेले?” एवढंच विचारलं होतं. मी म्हटलं, “पांढरा, डोक्यावर लाल टिळा असलेला.” आणि मला तिथेच रडू फुटलं.

त्या टाकीत आमचं काय अडकलं होतं ते तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. आबांना, माझ्या वडिलांना, डिसेंबरात अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. सासवडजवळच्या मळ्यात विहिरीच्या कडेला बसून मासे बघत भाकरी खाणारा माणूस धायरीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. म्हणून फेब्रुवारीत दोन फूट लांबीची टाकी आणि सहा गोल्डफिश आणले. पहिल्याच संध्याकाळी आबांनी डावा हात उचलून बोटं मोजून दाखवली, मग उजव्या हाताकडे बघितलं, तो उचलेना, तर पुन्हा डाव्याच हाताचं एक बोट वर केलं. पाच आणि एक, सहा. त्यानंतर रोज सकाळी ते मोजायचे. म्हणून पहिला मासा गेला तेव्हा तो त्यांच्यापासून लपवताच आला नाही.

दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. पण दीड महिना त्या माणसाने मला जे सांगितलं ते लिहिणार आहे. तो म्हणाला, दर पंधरा दिवसांनी फिल्टरमधलं सगळं बदला. रिंगा उकळून घ्या. पाणी पूर्ण काढा. कार्बनची पिशवी कायम ठेवा. पाण्याला ‘ताकद’ यावी म्हणून फिल्टरमध्ये कोरलचे तुकडे भरा. मासे वर येऊन तोंड वासायला लागले तेव्हा निळं औषध दिलं. रात्री टाकी शाईसारखी निळी झाली आणि सकाळी पाणी पुन्हा स्वच्छ दिसलं. मला वाटलं, औषध लागू पडलं. दुपारी तिसरा मासा गेला. मी विचारायला गेले तर काउंटरवरून मान वर न करता म्हणाला, “मासे मरतातच, मॅडम. नवीन घेऊन जा ना.” दरवेळी त्याने पैसे घेतले, पण टाकी किती लिटरची आहे, पाणी कुठलं आहे, हे एकदाही विचारलं नाही.

तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलंत. मग घरी येऊन टाकीतलं पाणी एका छोट्या काचेच्या नळीत घेतलंत, बाटलीतले थेंब टाकलेत आणि नळी उजेडात धरून आम्ही सगळे थांबलो. आबाही बघत होते. शून्य असेल तर पिवळं राहील, तुम्ही म्हणालात. ते गर्द हिरवं झालं. अमोनिया. मासे कल्ल्यांतून जो बाहेर टाकतात तो, आणि उरलेलं खाणं कुजून होतो तो. त्यातच ते श्वास घेत होते.

त्या दिवशी तुम्ही जे समजावलंत ते मी कालनिर्णयच्या एप्रिलच्या पानामागे लिहून ठेवलंय. फिल्टरचं खरं काम जिवाणू करतात. एक जात, नायट्रोसोमोनास, अमोनियाचं नायट्राइट करते. तेही विषच. दुसरी, नायट्रोस्पायरा, त्याचं नायट्रेट करते. ते मासे पुष्कळ प्रमाणात सोसतात आणि आपण पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते स्पंजाच्या छिद्रांत, रिंगांच्या खडबडीत अंगावर घर करतात आणि घर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी दर पंधरा दिवसांनी ते घर नळाच्या क्लोरीनने धूत होते, उकळत होते, फेकून देत होते. शिवाय आवाजाने आबांची झोपमोड नको म्हणून रात्री फिल्टर बंद करत होते, तेव्हा प्राणवायूशिवाय ते जिवाणू गुदमरत होते.

हे ऐकताना मला शरमेने खाली बघावंसं वाटत होतं. तुमच्या आवाजात मात्र दोष देण्याचा लवलेश नव्हता.

मग फिल्टर उघडून तुम्ही एकेक वस्तू टेबलावर मांडलीत. कोरलच्या तुकड्यावर आमच्याच फ्रिजमधलं लिंबू पिळलंत आणि तो फसफसला. “बघा, हा चुनखडीचाच भाऊ,” तुम्ही म्हणालात. “आपलं बोअरचं पाणी आधीच जड, बादलीला पांढरा थर धरतं. त्यात हा विरघळला तर पाणी आणखी अल्कधर्मी होणार, आणि तशा पाण्यात, त्यात उन्हाळ्यात, तोच अमोनिया जास्त जहाल होतो. मऊ पाणी असेल तिथे, काही जातींच्या माशांना हा चालतो. तुमच्या इथे नको.” कार्बनची पिशवी तुम्ही बाजूला ठेवलीत. तिनेच रात्रीतून निळं औषध शोषून घेतलं होतं. कार्बन हा रंग, वास आणि औषधाचा उरलेला अंश काढायला कामाचा, पण महिन्याभरात भरून जातो आणि अमोनियाला त्याचा उपयोग नाही. दुकानदाराने मला औषध आणि ते गिळणारी वस्तू एकाच दिवशी, एकाच पिशवीत विकली होती.

शेवटी फिल्टरमध्ये राहिलं ते किती थोडं! पाणी आत येतं तिथे जाड छिद्रांचा स्पंज, मोठी घाण अडवायला. त्यानंतर कापसाचा पातळ थर. तो मळला की बिनधास्त बदलायचा, कारण त्याच्यावर आपण विसंबून नाही. मग शेवटी सिरॅमिकच्या रिंगा, त्यांना हात लावायचा नाही. स्पंज तुंबला तरच, तोही टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा. मी फिल्टरमध्ये भरायचे महागडे काचेचे तुकडे घेऊ का असं विचारलं, तर तुम्ही उरलेल्या जागेसाठी नायलॉनच्या कोऱ्या घासण्या सुचवल्यात. साबण न लागलेल्या, स्टीलच्या अजिबात नको. म्हणालात, “जिवाणूंना किंमत कळत नाही, त्यांना जागा आणि वाहतं पाणी लागतं.”

पण काका, पत्र लिहायचं कारण याच्या पुढे आहे.

सगळं बरोबर लावूनही नवं घर बसायला महिना लागणार आणि उरलेल्या दोन माशांकडे तेवढा वेळ नव्हता. काळा तळाशी कलंडून पडला होता. तुम्ही त्याच्याकडे बराच वेळ बघितलंत आणि काही न बोलता खाली गेलात. मी मागोमाग आले. तुमच्या गॅलरीतल्या गप्पींच्या टाकीत एक स्पंज फिल्टर बुडबुडत होता. तुम्ही तो वर काढलात, गडद तपकिरी झालेला. माझ्या नाकाशी धरलात. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास आला. मग स्वयंपाकघरातली कात्री आणलीत आणि तो मधून कापलात.

तो मधोमध कापला गेला नाही. एक तुकडा मोठा झाला, एक लहान. तुम्ही दोन्ही तळव्यांवर घेऊन क्षणभर बघितलेत. आणि मोठा तुकडा माझ्यासाठी आईस्क्रीमच्या डब्यात, तुमच्याच टाकीच्या पाण्यात ठेवलात.

“दही लावायला विरजण लागतं ना, तसं समजा,” तुम्ही म्हणालात. “वर्षभर माझ्याकडे नवा मासा आलेला नाही, रोग नाही, म्हणून देतोय. दुकानातल्या टाकीचा कुणी दिला तर घेऊ नका. सुकू देऊ नका, आता लगेच जा.”

मी म्हटलं, “तुमच्या माशांचं काय?” तुम्ही म्हणालात, “माझ्या टाकीत मासे थोडे, झाडं पुष्कळ. निभेल.”

मी तो डबा दोन्ही हातांनी धरून जिने चढले. लिफ्टची वाट बघायचंही सुचलं नाही.

पुढचे दिवस तुम्ही बघितलेच आहेत. रोज थोडं पाणी बदलणं, चिमूटभरच खाणं आणि संध्याकाळी तुमचं ती नळी घेऊन येणं. नवव्या दिवशी रंग पोपटी झाला. दोन आठवडे झाले आणि पहिल्यांदा पिवळा राहिला. आबांनी ती नळी हातात मागून घेतली होती, आठवतं? उजेडाला धरली, तुम्ही धरता तशीच. डाव्या हाताने.

आपल्याकडे जाणकार माणसं पुष्कळ आहेत. पण समोरच्याची चूक दिसली की “एवढंही माहीत नाही?” हे शब्द बहुतेकांच्या जिभेवर तयारच असतात, आणि ते ऐकलं की माणूस पुढच्या वेळी विचारतच नाही, दुकानदार म्हणेल ते घेऊन येतो. रुग्णालयात, सरकारी खिडकीवर, शाळेच्या ऑफिसात गेल्या सहा महिन्यांत मी हे फार सोसलंय. तुम्ही चूक दाखवलीत, तिचं कारण सांगितलंत आणि लगेच स्वतःच्या घरातलं काहीतरी कापून दिलंत. आमच्या आजीकडे संध्याकाळी कुणी विरजण मागायला आलं तर ती वाटीच्या तळाशी असलेलं घट्ट दही काढून द्यायची, पातळ स्वतःला ठेवायची. कित्येक वर्षांनी तसं वागणारं कुणी बघितलं.

आता जून आहे. दोन्ही मासे आहेत. काळ्याच्या शेपटीला नवी कड आली आहे. तुमचा स्पंज अजून फिल्टरमध्येच आहे, त्याच्या शेजारी ठेवलेला नवाही आता तसाच तपकिरी झालाय. टाकीत इतक्यात तिसरा मासा आणायचा नाही, हे तुमचं म्हणणं पक्कं लक्षात आहे. गोल्डफिश घाण फार करतात आणि साठ लिटरमध्ये सहा मुळातच जास्त होते, हेही आता कळतं.

तुमचा तो आईस्क्रीमचा डबा माझ्याकडेच राहिलाय. रिकामं भांडं परत करायचं नसतं आणि तो पडला माशांचा, त्यात खायचं काही घालता येत नाही. म्हणून बेसनाचे लाडू वेगळ्या डब्यात भरलेत. रविवारी चहाला या. येताना ती काचेची नळी आणा. आबा शनिवारपासूनच दाराकडे बघत बसतात.

तुमची,
ए विंगमधली ताई