अमेरिकेचा कायदा आणि म्हापशाचे कपाट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

म्हापशाच्या बाजारात माझे लोखंडी सामानाचे दुकान आहे. कोयते, विळे, सुऱ्या, आदोळीची (विळीची) पाती हा आमचा जुना माल. खिशातले मिटते चाकू अलीकडे काचेच्या कपाटात आले. त्या कपाटासमोर उभा राहिलेला तरुण हल्ली आधी मोबाईल पुढे करतो. त्यावर परदेशी चाकूची जाहिरात असते आणि तिच्यात ठळक अक्षरांत ग्वाही असते, की हा ‘असिस्टेड’ आहे, ‘ऑटोमॅटिक’ नव्हे, सबब बाळगायला कायदेशीर. मग विचारतो, “शेट, असला आहे?” जाहिरातीतला कायदा अमेरिकेचा आहे आणि आपण गोव्यातल्या बार्देशात उभे आहोत, हे प्रत्येकाला सांगून कंटाळलो, म्हणून आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात थोडी जागा मागतो.

या दोन चाकूंत फरक नाही असे मात्र नव्हे. ऑटोमॅटिकमध्ये पाते मिटलेले असतानाच स्प्रिंग ताणून बसलेली असते. मुठीवरचे बटन दाबले की अडक सुटते आणि पाते आपसूक शेवटपर्यंत उघडते. बोट पात्याला लागतसुद्धा नाही. असिस्टेडच्या मुठीला असे उघडायचे बटन नसते. पात्याच्या बुडाशी एक बारीक खुंटी असते, नाहीतर त्या बुडाचाच एक कोपरा मुठीच्या पाठीमागून किंचित बाहेर आलेला असतो. खुंटी अंगठ्याने ढकलायला लागलात की सुरुवातीला स्प्रिंग तुम्हाला विरोध करते, पाते मिटूनच ठेवू पाहते. थोडे रेटले की तीच स्प्रिंग आमच्या आमदारांसारखी बाजू बदलते आणि उरलेले पाते झटक्यात उघडून देते. समोरच्या माणसाला दोन्हींचा वेग सारखाच दिसतो. अंगठ्याला तेवढा तो पहिला विरोध जाणवतो.

अमेरिकेचे सगळे प्रकरण या विरोधावर बेतलेले आहे. तिथल्या १९५८ च्या संघीय कायद्याने स्विचब्लेडच्या आंतरराज्य व्यापारावर आणि आयातीवर बंदी घातली. व्याख्या अशी, की मुठीतले बटन किंवा तत्सम काही हाताने दाबल्यावर, किंवा नुसत्या झटक्याने वा वजनाने, जो आपोआप उघडतो तो स्विचब्लेड. पुढे असिस्टेड चाकू बाजारात आले. २००९ मध्ये तिथल्या कस्टम खात्याने त्यांनाही याच व्याख्येत ओढायचा घाट घातला. चाकू बनवणारे आणि वापरणारे खवळले आणि त्याच वर्षी त्यांच्या संसदेने कायद्यात अपवाद घातला: ज्याची रचना पाते मिटलेले ठेवू पाहते आणि जो उघडायला पात्यावरच हाताचा जोर द्यावा लागतो, त्याला ही बंदी लागू नाही. जाहिरातीतली ग्वाही येते ती इथून. त्यातही राज्याराज्यांचे कायदे वेगळे. कॅलिफोर्नियात दोन इंच किंवा त्याहून लांब पात्याचा स्विचब्लेड जवळ बाळगून हिंडता येत नाही, पण पात्यावरच्या खुंटीने उघडणाऱ्या आणि सुरुवातीला अडणाऱ्या चाकूला तिथेही सूट आहे.

तोच चाकू घेऊन इंग्लंडला जा. तिथे फ्लिक नाइफच्या, म्हणजे तिकडच्या स्विचब्लेडच्या, विक्रीवर १९५९ पासूनच बंदी होती. २०१९ च्या कायद्याने व्याख्या रुंदावली: बटन, स्प्रिंग किंवा अन्य काही चाकूच्या आत असो की चाकूला जोडलेले असो, आणि पाते पूर्ण मिटलेल्या अवस्थेतून आपोआप उघडो की अर्ध्या उघडलेल्या अवस्थेतून, सगळे त्यात आले. असिस्टेड चाकू नेमका अर्ध्यातूनच स्वतः उघडतो. जुलै २०२१ पासून असला चाकू तिथे घरात ठेवणेही गुन्हा आहे. माझा भाचा जहाजावर नोकरीला आहे. ह्यूस्टनला घेतलेला चाकू पुढच्या बंदरात चालेलच असे नाही, हे त्याला मी दुकानात बसून फोनवर सांगितले. मामाला काय कळतंय, असे त्याला आधी वाटले असणार.

उघडण्याच्या रीतीवर कायदा बेतला की काय होते, ते न्यूयॉर्कने भोगले. तिथे ‘ग्रॅव्हिटी नाइफ’, म्हणजे पात्याच्या वजनाने वा झटक्याने उघडणारा चाकू, बाळगणे गुन्हा होता. पोलीस साधा मिटता चाकू हातात घेऊन मनगटाला हिसडा देत; पाते उघडले की झाला गुन्हा. सुतार, वायरमन, गोदामातले कामगार असे कितीतरी लोक त्यात सापडले. एका बल्लवाच्या खटल्यात न्यायालयाने २०१९ मध्ये ही कसोटी त्याच्या बाबतीत घटनाबाह्यरीत्या संदिग्ध ठरवली आणि त्याच वर्षी ते कलमच रद्द झाले. एकाच्या मनगटाने उघडतो, दुसऱ्याच्या नाही, मग बाळगणाऱ्याने काय समजायचे?

आता आपल्याकडे या. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम चाकूच्या बाबतीत आधी मोजपट्टी काढतात. पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर तो शस्त्रांच्या यादीत, मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेला असेल तर नाही. स्प्रिंग आधी विरोध करते की नाही, याची या यादीत विचारपूस नाही. खिशातल्या मिटत्या चाकूचे पाते साधारण तीन-साडेतीन इंच, म्हणजे मापात तो कुठच्या कुठे खाली राहतो. उलट कमरेला कोयता लावून सकाळी सायकलवरून भाटात (नारळीच्या बागेत) निघालेल्या पाडेलीला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, कोणी अडवत नाही, आणि अडवूही नये. त्याचा कोयता नारळासाठी आहे.

मला स्वतःला ही मोजपट्टी बरी वाटते. ढोबळ आहे, पण मोजता येते.

तरीही असिस्टेडवाल्यांनी निर्धास्त होऊ नये. या कायद्याचे कलम ४ केंद्र सरकारला एखाद्या प्रदेशापुरते, बंदुका सोडून अन्य शस्त्रांनाही परवाना सक्तीचा करण्याचा अधिकार देते. दिल्लीत तर १९८० ची अधिसूचना आहे. तिच्यात स्प्रिंगचे, गरारीदार (दात्यांच्या चक्रीचे), बटनदार आणि दुसऱ्या कोणत्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे वा मिटणारे चाकू येतात, पाते ७.६२ सेंटीमीटर लांब आणि १.७२ सेंटीमीटर रुंद असले की पुरे. ‘दुसरी कोणतीही यांत्रिक युक्ती’ म्हटल्यावर असिस्टेडला पळवाट कुठली? वास्कोहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीनला उतरणाऱ्याच्या बॅगेतला साडेतीन इंची चाकू तिथे वेगळाच ठरू शकतो. निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकाऱ्यांचे शस्त्रबंदीचे आदेश निघतात ते निराळे. विमानात तर केबिन बॅगेत कुठलाच चाकू नको, मोपा असो की दाबोळी. आणि भांडणात कोणाला लागलेच, तर पाते बटनाने उघडले की अंगठ्याने, याचे न्यायाधीशाला काही पडलेले नसते.

माझे मागणे लहान आहे. पोलिसांनी चाकू पकडला की पंचनाम्यात नुसता ‘स्प्रिंगचा चाकू’ असे लिहून भागवू नये. पात्याची लांबी, रुंदी, बटन मुठीवर आहे की खुंटी पात्यावर, हे मोजून, पाहून लिहावे; दोन मिनिटांचे काम आहे. बातमी देणाऱ्यांनीही तीच मापे छापावीत, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या खिशातल्या वस्तूचा अंदाज येईल. आणि गृह खात्याने गोव्यात आजघडीला कोणता नियम, कोणती अधिसूचना लागू आहे ते मराठी आणि कोंकणीत एका पानावर छापून आम्हा दुकानदारांना द्यावे. मी ते कपाटाच्या काचेवर आतून चिकटवीन.

बटनाचे चाकू मी ठेवत नाही. कायद्यापेक्षा गिऱ्हाइकांमुळे. ते विकत घेत नाहीत, काउंटरवर अर्धा तास खट्‍-खट्‍ करत बसतात आणि शेवटी बटाटे सोलायचे सोलाणे घेऊन जातात.

आपला,
एक दुकानदार, म्हापसा