उतरण्याविषयी, जरा सविस्तर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले कात्रण मिळाले. शिकाऊ वैमानिकाचे विमान धावपट्टीवरून घसरल्याच्या बातमीखाली तुम्ही लाल पेनाने रेघ ओढली आहे आणि बाजूला एकही शब्द लिहिलेला नाही, त्यावरूनच तुम्हा दोघांची झोप उडाली असणार हे कळले. फोनवर मी नेहमी “काही होत नाही” म्हणते. ते उत्तर पूर्ण खरे नाही, म्हणून हे पत्र.

शिकणाऱ्यांचे अपघात सर्वांत जास्त उतरतानाच होतात, हे खरे आहे. आणि त्यांतल्या बहुतेकांत विमान मोडते पण माणूस आपल्या पायांनी चालत बाहेर येतो, हेही तितकेच खरे आहे. आमचे सेस्ना १७२ शेवटच्या टप्प्यात ६५ नॉट, म्हणजे ताशी साधारण १२० किलोमीटर वेगाने आणावे लागते. धास्तावलेला विद्यार्थी “असू द्यावा थोडा जास्त” म्हणून ७५ नॉटने येतो. दहा नॉट किरकोळ वाटतात; पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते (हे आठवीत तुम्हीच मला समजावले होते, बाबा), त्यामुळे जिरवायची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढलेली असते. त्यात जमीन जवळ आली की हवेचा अवरोध कमी होतो, आणि विमान टेकायचे नाव न घेता तरंगत राहते, धावपट्टी मात्र भराभर मागे सरकत असते.

अशा वेळी अधीर होऊन नाक खाली ढकलले की पुढचे चाक आधी आपटते. उतरण्याचा भार मागच्या दोन चाकांनी घ्यायचा असतो. पुढचे चाक त्यासाठी नाही, आणि त्याला बसलेला धक्का इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीपर्यंत पोहोचून ती सुरकुतते. प्रोपेलर जमिनीला लागला तर इंजिन उघडून तपासावे लागते. विमान आपटून उसळले की विद्यार्थी घाबरून नाक पुन्हा दाबतो, तोवर ते आपणहून खाली यायला लागलेले असते. हात सतत एक क्षण मागे राहतो आणि पुढची उसळी आधीच्यापेक्षा मोठी होते.

आता न सांगितलेली गोष्ट सांगते. आई, कृपया बसून वाच. गेल्या महिन्यात माझ्या तिसऱ्या सोलोला हेच झाले. शेजारी सर नव्हते, त्यांचे वजन कमी झाल्याने हलके झालेले विमान माझ्या सवयीपेक्षा जास्त तरंगले, आणि मी घाई केली. विमान टेकले, उसळले. दुसऱ्यांदा टेकले तेव्हा आणखी उंच उसळले. टॉवर बघतो आहे, हँगरपाशी सगळी मुले उभी आहेत, काहीही करून आता उतरायचेच, असे त्या क्षणी वाटते. त्या लाजेने किती विमाने मोडली असतील, याची नोंद कुठल्या अहवालात होत नसावी. मी थ्रॉटल पूर्ण पुढे करून इंजिनाला सगळी ताकद दिली, नाक धरून ठेवले, पंखांच्या मागच्या कडेचे, उतरताना खाली सोडलेले फ्लॅप टप्प्याटप्प्याने मिटले, कारण ते एकदम मिटले तर विमान खाली बसते, आणि “गो-अराउंड”, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा एक फेरी, असे टॉवरला कळवून वर निघाले. आवाज कापत होता. पुढच्या फेरीत नीट उतरले. सरांनी गुडघ्यावर बसून पुढचे चाक आणि प्रोपेलर तपासला, शाबासकी दिली नाही, फक्त विचारले, “पहिल्या उसळीलाच का नाही गेलीस?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

आडव्या वाऱ्यावर माझा हात अजून बसलेला नाही. तो ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की मला एकटीला सोडत नाहीत, आणि उन्हाळ्यात तापलेल्या धावपट्टीवर हवा उसळू लागण्याआधी, सकाळीच आमची उड्डाणे उरकतात. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात, माझे ५२ झाले आहेत. उरलेल्या तासांत पुन्हा उसळी येणार नाही असे मी लिहून देऊ शकत नाही. मात्र त्यानंतर दोनदा, चाके टेकण्याआधीच, वेग जास्त वाटला म्हणून मी वर निघून गेले आहे, आणि दोन्ही वेळा सर काहीच बोलले नाहीत.

दिवाळीला येताना लॉगबुक आणीन. त्या दिवशीच्या शेऱ्यात सरांच्या अक्षरात “गो-अराउंड, उशिरा” असे लिहिले आहे. बाबा, त्याखाली हवी तर रेघ ओढा.

तुमची,
धाकटी