गाडी घेण्याआधी घराचा मीटर पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात महामार्गावरची चार्जिंग केंद्रे, बॅटरीचा पल्ला आणि सरकारी अनुदान यांचीच चर्चा अधिक असते. खाजगी मोटारीचे बरेचसे चार्जिंग मात्र रात्री घराच्या आवारातच होते. त्या आवारात वीज किती अँपिअरची येते, कोणत्या जाडीच्या तारेतून येते आणि तिचे अर्थिंग (गळलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी) कसे आहे, याची चौकशी बहुतेक घरांत गाडी दारात उभी राहिल्यावर सुरू होते. विद्युत ठेकेदारीत आयुष्य गेल्यामुळे मला हा क्रम धोक्याचा वाटतो, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे घरगुती चार्जर मुख्यतः दोन प्रकारचे येतात. पहिला गाडीबरोबरच मिळतो, १५-१६ अँपिअरच्या सॉकेटला लागतो आणि सुमारे ३.३ किलोवॅट वीज घेतो. दुसरा भिंतीवर बसवण्याचा, ३२ अँपिअरचा, म्हणजे सुमारे ७.२ किलोवॅटचा. महावितरणची सिंगल फेज (घराघरांतली नेहमीची दोन तारांची) जोडणी साधारण ४० अँपिअरपर्यंत मिळते, म्हणजे २३० व्होल्टला ९.२ किलोवॅट. त्यातले ३२ अँपिअर एकट्या चार्जरने घेतल्यावर उरलेल्या ८ अँपिअरमध्ये एसी, गिझर, इस्त्री आणि पाण्याचा पंप चालवायचा, असा तो हिशोब होतो. शिवाय पुष्कळ जुन्या घरांत मीटरच ५-३० अँपिअर क्षमतेचा असतो आणि बिलावर छापलेला मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने त्या जोडणीला मान्य केलेला भार, याहूनही बराच कमी असतो. मंजूर भार किती आहे हे बिलावर स्पष्ट छापलेले असूनही, तो आकडा वाचून गाडी घ्यायला गेलेले ग्राहक मला फारच थोडे भेटले.

चार्जर हा घरातल्या इतर उपकरणांसारखा नसतो, हे विशेष ध्यानात घ्यावे लागते. गिझर पाणी तापले की बंद पडतो, एसीचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, पण चार्जर सहा-आठ तास सलग पूर्ण भाराने वीज ओढत राहतो. एरवी वर्षानुवर्षे निभावून गेलेला सैल स्क्रू, पकड गेलेले सॉकेट किंवा तांबे आणि ॲल्युमिनियमच्या तारांचा पीळ देऊन केलेला जोड या सलग भाराखाली तापतो आणि आधी तिथेच जळतो. तारेचेही तसेच आहे. मीटरपासून वाहनतळ ४० मीटर दूर असेल आणि ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली, तर ३२ अँपिअरला जाता-येता आठ व्होल्टच्या आसपास दाब घटतो आणि सुमारे अडीचशे वॅट इतकी उष्णता त्या तारेच्या लांबीत तासन्‌तास निर्माण होत राहते. १० चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हा ऱ्हास बराच कमी होतो. खर्च वाढतो हे खरे, पण भिंतीत आणि डक्टमध्ये एकदा गेलेली तार पुन्हा बदलणे त्याहून महाग पडते.

अर्थिंगबद्दल मला अधिक विस्ताराने लिहायचे आहे. गाडीतील यंत्रणा चार्जिंग सुरू करण्यापूर्वी अर्थिंग तपासते आणि ते नसेल किंवा कमकुवत असेल तर पुष्कळ गाड्या चार्जिंगला नकार देतात. अशा वेळी काही ठिकाणी सॉकेटमध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थ एकमेकांना जोडून गाडीची समजूत घालण्याचा प्रकार केला जातो. हा प्रकार जीवघेणा आहे. मागे कुठेही न्यूट्रल तुटला तर गाडीच्या धातूच्या सांगाड्यावर थेट २३० व्होल्ट येऊ शकतात आणि पावसात ओल्या फरशीवर उभा राहून दार उघडणाऱ्या माणसाला ते समजण्याचीही संधी मिळत नाही. गाडी नकार देते तेव्हा ती आपल्या घराचा दोष दाखवून देत असते, तेव्हा तो दोषच दुरुस्त केला पाहिजे. अर्थिंगचा खड्डा नव्याने करून त्याचा रोध मोजून घेण्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत चार्जिंगसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या वर जाण्याआधी पुरवठा तोडणारे उपकरण, म्हणजे आरसीसीबी, असावे, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे आणि एक्स्टेन्शन वायर वापरू नये, असे त्यांत सांगितले आहे. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून वाहनतळापर्यंत लोंबणाऱ्या वायरी आणि त्यांच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले बोर्ड मी पुण्यातल्या सुशिक्षित वसाहतींमध्ये पाहिले आहेत.

मग प्रत्येकाने थ्री फेज (मोठ्या भारासाठीची) जोडणी घ्यावी का? माझ्या मते बहुतेकांना तिची गरज नाही. शहरात रोज चाळीसेक किलोमीटर चालणारी मोटार दिवसाला सहा-सात युनिट वीज खाते आणि तेवढी वीज ३.३ किलोवॅटचा साधा चार्जर सव्वादोन तासांत भरून देतो. विक्रेता मोठा चार्जर सुचवतो म्हणून भार वाढवून घेतला, तर थ्री फेजचा जास्तीचा स्थिर आकार दरमहा भरावा लागतो. ज्यांचा प्रवास खरोखर लांबचा आहे किंवा घरात दोन गाड्या आहेत, त्यांनी थ्री फेज अवश्य घ्यावी. बाकीच्यांनी १६ अँपिअरची स्वतंत्र लाइन, योग्य तार, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि आरसीसीबी, आणि त्याला साजेशी भारवाढ एवढे परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेतले तरी पुरते. स्कूटरसाठी तर भारवाढीचीही गरज सहसा पडत नाही, फक्त सॉकेट आणि अर्थिंग चांगले हवे.

बंगल्याचा किंवा रो-हाउसचा प्रश्न एका अर्जाने सुटतो. गुंता आहे तो सहकारी गृहनिर्माण संस्थांचा. चोवीस सभासदांनी प्रत्येकी ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवला आणि कामावरून परतल्यावर सर्वांनी एकदमच तो सुरू केला, तर १७० किलोवॅटहून अधिक भार येतो, आणि इमारतीचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) त्यासाठी निवडलेलेच नसते. या आकड्याला घाबरून अनेक कार्यकारिणी ना-हरकत पत्र अडवून धरतात, तर काही ठिकाणी पहिल्या दोन-तीन गाड्यांना परवानगी देऊन नंतरच्यांना ‘आता भार शिल्लक नाही’ असे सांगितले जाते, आणि हा अन्याय आहे. मुळात गरज एवढी नाहीच. चोवीस गाड्यांना रोज सात युनिट धरले तरी १६८ युनिट होतात. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत २५ किलोवॅटचा पुरवठा २०० युनिट देतो. म्हणजे १७० किलोवॅटचा बागुलबुवा प्रत्यक्षात २५ किलोवॅटचा आहे. अट एवढीच की उपलब्ध वीज चालू असलेल्या गाड्यांमध्ये वाटून देणारी भार-नियंत्रण यंत्रणा संस्थेने एकत्रितपणे बसवावी आणि मीटर रूमपासून वाहनतळापर्यंत एकच जाड केबल व वितरण पेटी टाकावी. प्रत्येकाने आपापली वायर वेगळ्या वाटेने ओढली, तर डक्ट भरून जातील आणि सुरक्षिततेची जबाबदारी कोणाचीच राहणार नाही.

कायदा या बाबतीत ग्राहकाच्या बाजूने आहे. घरी असलेल्या जोडणीवरच गाडी चार्ज करण्यास केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिलेली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या विद्युत नियमांत सुधारणा होऊन चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्कही मिळाला, आणि परिपूर्ण अर्ज आल्यावर जोडणी देण्याची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस व ग्रामीण भागात १५ दिवस ठरली. वेगळ्या मीटरचा फायदा असा की घराचा वापर वरच्या दराच्या टप्प्यात सरकून सर्वच बिल महागण्याचे टळू शकते. वेगळा मीटर आपल्याला परवडतो की नाही, हे आपली मागची बारा बिले समोर ठेवून ठरवावे.

महावितरणला माझी विनंती आहे की, ज्या इमारतींत चार्जिंगसाठी भारवाढीचे अर्ज येत आहेत तिथे एकेका अर्जावर निर्णय न घेता संपूर्ण इमारतीच्या रोहित्राची, मुख्य केबलची आणि शिल्लक क्षमतेची तपासणी करून तो आकडा संस्थेला लेखी कळवावा. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. त्यांच्या विषयपत्रिकेवर हा विषय यंदाच घ्यावा, आणि आज गाडी नसलेल्या सभासदांचा वाटाही त्या केबलच्या आकारमानात आत्ताच धरावा.

आपला नम्र,
एक वाचक (निवृत्त विद्युत ठेकेदार),
कोथरूड, पुणे